घरासाठी आणि भजनासाठी: संगणकाशिवाय चालणारा मल्टिट्रॅक रेकॉर्डर कोणता घ्यावा?

परळ_नाका

नमस्कार. परळमधल्या आमच्या चाळीत वडिलांचे भजनी मंडळ १९८२च्या गिरणी संपाच्याही आधीपासून आहे. तेव्हा पंचवीसेक मंडळी बसत, आज नऊ उरली आहेत आणि बुवांचे वय ७९ आहे. ते ज्या चाली गातात त्यांतल्या निम्म्याहून अधिक मी इतरत्र कुठेही ऐकलेल्या नाहीत. त्या लिहून ठेवलेल्या नाहीत आणि त्यांचे नोटेशनही कुणी केलेले नाही. मोबाइलवर केलेली काही मुद्रणे माझ्याकडे आहेत, परंतु त्यांत झांजेशिवाय दुसरे काही धड ऐकू येत नाही.

म्हणून संगणकाशिवाय चालणारा, अनेक ट्रॅकवर मुद्रण करणारा रेकॉर्डर घ्यायचा विचार आहे. बैठक अशी असते: बुवा स्वतः पेटी वाजवत गातात, त्यांच्या उजव्या हाताला पखवाज, समोर अर्धवर्तुळात कोरस, आणि कोरसपैकी दोघांच्या हाती झांज. भजन दर एकादशीला तळमजल्यावरच्या खोलीत रात्री साडेनऊला सुरू होते आणि साडेबारापर्यंत चालते.

दुसरी गरज घरची आहे. माझी पत्नी गाते आणि तिला आपल्याच आवाजाचे दोन-तीन थर एकावर एक चढवून गाणी बांधायची आहेत. घर दहा बाय बाराचे आहे. माझ्याकडे सध्या दोन डायनॅमिक (वेगळी वीज न लागणारे) माईक आणि एक जुना लॅपटॉप आहे. दोन्ही कामे एकाच यंत्रात व्हावीत अशी इच्छा आहे. दुकानात गेलो तेव्हा कुणी ८ ट्रॅक, कुणी २४ ट्रॅक, कुणी ३२ बिट असे आकडे सांगितले आणि मी रिकाम्या हाताने परत आलो.

ओसरी

आपल्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा आकडा दुकानात कुणी सांगितलेला दिसत नाही. यंत्रावर जो ट्रॅकचा आकडा छापलेला असतो, तो एका गाण्यात एकूण किती ट्रॅक मांडता येतील याचा असतो. एकाच वेळी किती माईकचा आवाज वेगवेगळा टिपला जाईल हा आकडा निराळा असतो आणि बहुधा पुष्कळच लहान असतो. टॅस्कॅमचा डीपी-००८ईएक्स आठ ट्रॅकचा आहे, परंतु एका वेळी तो दोनच टिपतो. त्याच कंपनीचा डीपी-२४एसडी चोवीस ट्रॅकचा असून एका वेळी आठ घेतो. घरी एकट्याने थर चढवणाऱ्याला पहिले यंत्र पुरेसे आहे. भजनासाठी मात्र ते निरुपयोगी ठरेल, कारण बुवा आधी गातील आणि पखवाज नंतर वाजेल असे भजनात होत नाही.

आता आपली बैठक मोजू. बुवांचा गळा एक, पेटी एक, पखवाजाची धूम एक, पखवाजाची शाईची बाजू एक, आणि कोरस व झांज मिळून डावी-उजवी अशा दोन. एकूण सहा. पखवाज एका माईकवर घेतला तर पाच होतील, पण मी तसा सल्ला देणार नाही. धुमेवर कणीक लावलेली असते, तिचा आवाज खोल आणि पसरट असतो, तर दुसऱ्या बाजूचा बोल तीक्ष्ण आणि क्षणात संपणारा असतो. एकच माईक मध्ये ठेवला की वादकाच्या मांडीचा आणि पखवाजाच्या खोडाचा आवाज अधिक येतो.

त्यामुळे आपल्यासाठी ‘एका वेळी सहा’ ही किमान अट आहे. तिच्यात न बसणारी यंत्रे, त्यांच्यावर कितीही मोठा आकडा असला तरी, भजनाच्या यादीतून काढून टाका. उरलेल्यांत दुसरा प्रश्न फँटम पॉवरचा, म्हणजे कंडेन्सर माईकला केबलमधूनच मिळणाऱ्या ४८ व्होल्टचा. वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात झूम या कंपनीचा आर१६ अजून दिसतो. त्याला आठ इनपुट आहेत, परंतु फँटम पॉवर त्यांपैकी दोनच इनपुटवर मिळते. आपल्याकडे डायनॅमिक माईक असल्याने ते अडचणीचे होईलच असे नाही, पण हे माहीत नसताना घेतल्यास मंडळ बसल्यावर लक्षात येते.

माहीम_कॉजवे

मी वेगळे मत मांडतो. आपल्याकडे लॅपटॉप आहे, तर आठ इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईकचे आवाज संगणकात पोहोचवणारे यंत्र, घ्या. प्रत्येक माईकमागचा खर्च कमी पडतो, मोठ्या पडद्यावर सहाही ट्रॅक दिसतात, आणि पत्नीच्या थरांच्या गाण्यासाठी संगणकावरच्या संपादनाला पर्याय नाही. स्वतंत्र रेकॉर्डरच्या बोटभर पडद्यावर एखादा चुकलेला शब्द कापून नवा बसवणे फार कष्टाचे काम आहे. मी ते तीन वर्षे केले आणि सोडून दिले.

परळ_नाका

संपादन संगणकावरच करावे हे मान्य. अडचण मुद्रणाची आहे. लॅपटॉपचा पंखा उन्हाळ्यात दहा मिनिटांत सुरू होतो आणि त्याची बॅटरी पाऊण तासही टिकत नाही. तळमजल्यावरच्या खोलीत एकच सॉकेट आहे, त्यावर पंखा, समईशेजारचा बल्ब आणि कधीकधी चहाची शेगडीही असते. मागच्या वर्षी एका परिचिताने लॅपटॉप आणून मुद्रण केले होते. बाविसाव्या मिनिटाला यंत्राने स्वतःहून अपडेट सुरू केले आणि त्या रात्रीची गौळण गेली. बुवांना पुन्हा गायला सांगण्याचे धैर्य कुणाला झाले नाही.

ओसरी

इंटरफेसच्या बाजूने जे मांडले आहे ते घरच्या कामासाठी योग्यच आहे. इथे एक माहिती जोडतो. अनेक स्वतंत्र रेकॉर्डर यूएसबीने जोडले की इंटरफेस म्हणूनही चालतात. झूम एच६ सहा इनपुटचा इंटरफेस होतो, आर१६ आठांचा. डीपी-२४एसडी मात्र होत नाही, त्याच्या यूएसबीतून फक्त फाइली संगणकावर नेता येतात. शिवाय तो ॲडॉप्टरवरच चालतो, त्यात बॅटरीची सोय नाही. फेडर (पातळी कमीजास्त करणाऱ्या सरकपट्ट्या), नॉब, आठ एक्सएलआर (माईकच्या तीन पिनांच्या केबलची) इनपुट हे सर्व पाहता घरच्या टेबलासाठी ते फार सुखाचे यंत्र आहे, परंतु एकच सॉकेट असलेल्या तळमजल्यावर मी ते नेणार नाही.

आणि जुन्या इमारतींतल्या विजेबद्दल अनुभवाने सांगतो. अर्थिंग नीट नसले की आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेची घुमणारी गुणगुण आणि तिची १०० व १५० हर्ट्झवरची पिल्ले मुद्रणात शिरतात. पेटीच्या आणि पुरुषी आवाजाच्या खालच्या सुरांच्या आसपासच ती बसत असल्याने नंतर काढताना सुरांनाही धक्का लागतो. बॅटरीवर चालणारे यंत्र भिंतीपासून पूर्ण तुटलेले असते. बाहेरच्या मुद्रणासाठी बॅटरी मागण्याचे माझे पहिले कारण हेच आहे, वीज जाण्याचे भय त्यानंतर येते.

जुना_टेपवाला

मी १९८०च्या दशकात गिरगावात चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर काम केले आहे. या जातीचे पहिले यंत्र, पोर्टास्टुडिओ १४४, टॅस्कॅमने १९७९ साली काढले. साध्या कॅसेटच्या दोन्ही बाजूंचे मिळून जे चार पट्टे असतात ते एकाच दिशेने, दुप्पट वेगाने वापरायचे, ही त्यातली युक्ती होती. म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटवर पंधरा मिनिटांचेच काम होई. तीन ट्रॅक भरले की ते चौथ्यावर एकत्र उतरवायचे आणि तीन पुन्हा मोकळे करायचे. प्रत्येक उतरवणीत टेपची खरखर वाढे आणि एकदा मिसळलेले परत वेगळे करता येत नसे.

त्या काळात एक गोष्ट हाडात भिनली. बैठकीत वाजणाऱ्या संगीतासाठी योग्य जागी ठेवलेले दोन चांगले माईक हे सहा घाईने ठेवलेल्या माईकपेक्षा सरस ठरतात. मंडळींचे आपसांतले तोल त्यांनी इतक्या वर्षांत स्वतःच बसवलेले असतात. परळ_नाका यांनी सहा इनपुटच्या मागे लागण्याआधी स्टिरिओ माईकचा साधा रेकॉर्डर बुवांपासून पाच-सहा फुटांवर, बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा थोडा उंच ठेवून एक एकादशी मुद्रित करून पाहावी.

ओसरी

काका, शास्त्रीय गायनाच्या बैठकीसाठी मी आपले म्हणणे जसेच्या तसे मानतो. या मंडळाच्या बाबतीत दोन कारणांनी थांबतो.

पहिले कारण झांज. ती खोलीतला सर्वांत तीक्ष्ण आवाज आहे आणि चाळीतल्या लहान खोलीत, लादी आणि उघड्या भिंती असताना, ती सगळीकडून परत येते. माणसाचा कान बुवांकडे लक्ष देऊन झांज मागे सारतो, माईक तसे करत नाही. मोबाइलवरच्या मुद्रणांत झांजेशिवाय काही ऐकू येत नाही याचे कारण मोबाइलचा हलका माईक एवढेच नाही, तो ठेवलेल्या जागेचाही त्यात वाटा आहे.

दुसरे कारण वय. ७९ वर्षांच्या गायकाचा आवाज कडव्याच्या शेवटी खाली जातो, शब्द हवेत विरतात. चाल जपायची असेल तर नेमक्या त्याच जागा ऐकू याव्या लागतात. गळ्यापासून वीतभर अंतरावर स्वतंत्र माईक असेल तरच त्या हाती लागतील. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचाच आवाज घेणारा) माईक जवळ आणला की खालचे सूर फुगतात हे खरे, पण ते नंतर कमी करता येते. मुद्रणात मुळात न आलेला शब्द मात्र मागून आणता येत नाही.

आपल्या सल्ल्याचा गाभा तरीही सोडू नये. सहापैकी जे दोन ट्रॅक कोरससाठी आहेत, ते आपण म्हणता त्या जागी, खोलीचे संपूर्ण चित्र घेणारे म्हणूनच ठेवावेत. मिश्रण करताना आधी ते दोन लावायचे आणि बाकीचे चार लागतील तेवढेच त्यांत मिळवायचे. फक्त एक लक्षात ठेवावे: आवाज एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद घेतो, त्यामुळे दूरच्या जोडीतला पखवाज जवळच्या माईकपेक्षा काही मिलिसेकंद मागे असतो. संगणकावर जवळचे ट्रॅक तेवढे मागे सरकवले की बोल पुन्हा घट्ट होतात.

जुना_टेपवाला

हे पटले. जवळचे माईक आधाराला आणि खोलीची जोडी मुख्य, असे असेल तर माझा विरोध नाही.

स्पर्शखुणा

मी दृष्टिहीन आहे आणि बोरिवलीत घरीच मुद्रण करते. यंत्र निवडताना ज्या गोष्टीकडे डोळस माणसे सहसा लक्ष देत नाहीत तिच्याबद्दल लिहिते, कारण रात्री मंद उजेडात मंडळाच्या कोपऱ्यात बसणाऱ्यालाही ती लागू आहे.

प्रत्येक इनपुटला स्वतःचा, बोटाला लागणारा नॉब असावा. जुन्या एच६ला चार इनपुटसाठी चार स्वतंत्र नॉब आहेत, हात लावताच कोणता कुठे आहे हे कळते. टॅस्कॅमचा पोर्टाकॅप्चर एक्स८ आवाजाच्या दृष्टीने चांगले यंत्र आहे, परंतु त्याचा बहुतेक कारभार स्पर्शपडद्यावर चालतो आणि गुळगुळीत काचेवर मला काहीच सापडत नाही. झूमने २०२४ साली आणलेल्या ‘इसेन्शियल’ मालिकेत, म्हणजे एच१, एच४ आणि एच६ इसेन्शियलमध्ये, मेनू बोलून दाखवण्याची सोय आहे. मी एच४ इसेन्शियल वापरते. मुद्रण सुरू झाले की नाही हे विचारायला मला आता कुणाला हाक मारावी लागत नाही. या एका गोष्टीसाठी मी त्या यंत्राच्या इतर उणिवा मान्य केल्या आहेत.

माहीम_कॉजवे

या मालिकेत ३२ बिट फ्लोट असते आणि गेन, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते प्रमाण, लावावाच लागत नाही असे म्हणतात. यात तथ्य किती आहे? २४ बिटची क्षमता, म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर, कागदोपत्री १४४ डेसिबल येते आणि ती कोणत्याही खोलीला पुरून उरणारी आहे. मग त्यापुढे जाण्याची गरज काय?

ओसरी

गणित बरोबर आहे, २४ बिटचा साठा कधीच अपुरा पडत नाही. तरीही मुद्रण बिघडते, याचे कारण साठ्यात नाही, त्याच्या दारात आहे. माईकचा सूक्ष्म विद्युतप्रवाह अंकांत बदलणाऱ्या भागाला, म्हणजे परिवर्तकाला, आपण गेन लावून सांगत असतो की आवाज या पट्ट्यात येईल. भजनात रूपाचा अभंग संथ सुरू होतो, आणि तासाभरात गजराला सगळे मिळून जो आवाज चढतो तो सुरुवातीच्या अंदाजाच्या कितीतरी वर असतो. पट्ट्याबाहेर गेलेली लाट वरून कापली जाते आणि तो फाटलेला आवाज पुन्हा जुळत नाही.

आपण म्हणता त्या यंत्रांत प्रत्येक इनपुटला असे दोन परिवर्तक असतात, एक हळू आवाजासाठी आणि एक मोठ्या आवाजासाठी. यंत्र दोन्हींचे अंक सतत जोडत राहते. ३२ बिट फ्लोट हा त्या जोडलेल्या अंकांना मावून घेणारा फाइलीचा प्रकार आहे. करामत परिवर्तकांच्या जोडीची आहे, म्हणून नुसते ३२ बिट लिहिलेले पाहून खरेदी करू नये. झूमच्या एफ३, एफ६ आणि इसेन्शियल मालिकेत अशी रचना आहे.

त्याने जे होत नाही तेही सांगतो. माईकच मोठ्या आवाजाने भरला तर पुढचे यंत्र काही करू शकत नाही. माईक चुकीच्या जागी असेल तर तो चुकीचा आवाज पूर्ण अचूकतेने टिपला जाईल. आणि ज्याला एकट्याने घरी गायचे आहे, जिथे एक तान दहा वेळा घेता येते, त्याला २४ बिटवर शिखरे उणे बारा डेसिबलच्या आसपास ठेवण्याची सवय पुरते.

परळ_नाका

एका मित्राने सुचवले की चार-चार इनपुटचे दोन रेकॉर्डर घ्यावेत, एक माझ्याकडे आणि एक त्याच्याकडे. नंतर टाळी वाजवून जुळवता येईल. हे चालेल का?

ओसरी

एखाद्या अभंगापुरते चालेल, तीन तासांच्या बैठकीला नाही. प्रत्येक यंत्रात वेळ मोजणारा स्फटिक असतो आणि कोणतेही दोन स्फटिक नेमके एकाच गतीने चालत नाहीत. दोघांत दशलक्षात २० भागांचा फरक धरला, आणि एवढा फरक असणे साधी गोष्ट आहे, तर एका तासात ७२ मिलिसेकंदांचे अंतर पडते. तेवढ्या वेळात आवाज जवळजवळ २५ मीटर जातो. म्हणजे साडेनऊला जुळवलेला पखवाज साडेदहाला चाळीच्या दुसऱ्या टोकावरून वाजत असल्यासारखा ऐकू येईल. संगणकावर फाइल ताणून हे दुरुस्त करता येते, परंतु दर एकादशीला ते करत बसण्यापेक्षा सहाही माईक एकाच यंत्रात, एकाच घड्याळावर घ्यावेत.

कोपऱ्यातली_पेटी

बॅटरी आणि कार्डाबद्दल कुणी लिहिलेले नाही. मी भांडुपमध्ये नमन आणि भजनाची मुद्रणे करतो, म्हणून थोडे लिहितो.

२४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने घेताना) एका ट्रॅकला तासाला सुमारे ५१८ मेगाबाइट लागतात. सहा ट्रॅक, तीन तास, म्हणजे साडेनऊ गिगाबाइटच्या आत. ३२ बिट फ्लोटवर तेच साडेबारा होतात. त्यामुळे कार्डाच्या आकाराची चिंता करू नये, खरेपणाची करावी. नामांकित छापाची नकली कार्डे बाजारात भरपूर आहेत. नवे कार्ड आणले की ते त्याच यंत्रात फॉरमॅट करून, घरी तीन तास नुसत्या पंख्याचा आवाज मुद्रित करून, फाइल शेवटपर्यंत वाजते का ते पाहावे. नेहमीच्या वेव्ह फाइलीची मर्यादा ४ गिगाबाइटची असते. सहाही ट्रॅक एकाच फाइलीत ठेवणारी रचना निवडली, तर २४ बिटवर ती मर्यादा साधारण ८३ मिनिटांत गाठली जाते आणि यंत्राला तिथे नवी फाइल सुरू करावी लागते. ट्रॅकागणिक वेगळी फाइल ठेवली की तीन तासांत तो प्रश्न येत नाही.

पेन्सिल सेलवर चालणाऱ्या यंत्रांत पुन्हा चार्ज होणारे निकेल सेल वापरावेत आणि मेनूत सेलचा प्रकार बदलावा. हे सेल १.२ व्होल्टचे असतात. यंत्र अल्कलाइनचे १.५ व्होल्ट गृहीत धरत राहिले, तर उरलेल्या चार्जचा अंदाज चुकतो. २००० मिलिॲम्पिअर-तासांच्या चार सेलांत ९.६ वॉट-तास मावतात आणि १०,००० च्या साध्या पॉवर बँकेत सुमारे ३७. म्हणून यूएसबीने पॉवर बँक लावून, आतही भरलेले सेल ठेवावेत. केबल कुणाच्या पायाने निघाली तरी यंत्र बंद पडत नाही. मुद्रण चालू असताना वीज तुटली की काही यंत्रांत फाइल अर्धवट राहते आणि उघडत नाही. हे माझ्या वाट्याला आलेले आहे.

शेवटचे पावसाचे. जुलैत आपल्याकडे हवेत इतका ओलावा असतो की कंडेन्सर माईक मध्येच कडकडू लागतात. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात माईक ठेवावेत. डायनॅमिक माईकला हा त्रास नसतो, म्हणून परळ_नाका यांच्याकडचे दोन्ही माईक त्यांनी बुवांचा गळा आणि पखवाजाची धूम यांसाठीच राखावेत.

परळ_नाका

सर्वांचे मनापासून आभार. सतरा दिवसांनी लिहीत आहे, कारण मध्यंतरी एकादशी होऊन गेली आणि मित्राकडून जुना एच६ मागून आणून मुद्रण केले.

मांडणी ओसरी यांनी सांगितल्याप्रमाणे केली. चार एक्सएलआर इनपुटवर बुवा, पेटी आणि पखवाजाच्या दोन बाजू, आणि यंत्रावरच्या माईकच्या जोडीवर कोरस. एक अडचण आधी कळली नव्हती: ती जोडी यंत्रालाच बसवलेली असल्याने यंत्र खोलीच्या मध्यावर, उंच स्टँडवर ठेवावे लागले आणि मी कोपऱ्यात बसून गेनला हात लावू शकलो नाही. जोडी दूर नेण्याची केबल मिळते असे नंतर समजले. भिंतीवर दोन गोधड्या टांगल्या, त्यामुळे झांजेचा कडकडाट स्पष्टपणे कमी झाला.

पातळी लावताना मी बुवांना एक अभंग गायला सांगितला आणि त्यावरून गेन ठरवला. पावणेबाराला गजर सुरू झाला तेव्हा पखवाज वादकांनी जो हात सोडला, त्याने दोन्ही ट्रॅक फाटले. कोरसची जोडी वाचली, कारण एच६ त्या जोडीची बारा डेसिबल खालची एक प्रत सोबत ठेवतो आणि मी ती सोय चालू केली होती. ती बाकीच्या चार इनपुटना नाही. चूक माझी आहे, मी गजर वाजवून घ्यायला हवा होता. परंतु ७९ वर्षांच्या माणसाला पातळी लावण्यासाठी पूर्ण आवाजात गजर करायला सांगणे मला पुढच्या वेळीही जमणार नाही.

बाकीची दोन तास सहा मिनिटे अशी उतरली आहेत की वडिलांनी हेडफोन लावून सलग ऐकली आणि दोन ठिकाणी थांबवून सांगितले की हा शब्द ते इतकी वर्षे चुकीचा म्हणत होते.

यानंतर पत्नीशी बोललो. तिचे म्हणणे असे की तिचे गाणे पुढच्या वर्षीही होईल, तेव्हा हे यंत्र बुवांच्या हिशेबाने घ्यावे. त्यामुळे एकाच यंत्राची अट मी सोडली आहे. भजनासाठी एच६ इसेन्शियल घ्यायचे ठरवले: एका वेळी सहा, सेलवर चालणारे, गेन लावण्याची गरज नसलेले. एफ६ अधिक भावले होते, सहाही एक्सएलआर इनपुट आणि विजेचे तीन पर्याय पाहून, पण त्यासोबत कोरसची माईकजोडी वेगळी घ्यावी लागली असती आणि ते खिशाला झेपणारे नाही. घरच्या थरांसाठी सध्या जुना लॅपटॉप पंखा लागेपर्यंत वापरू, आणि पुढे वापरलेला डीपी-००८ईएक्स मिळाला तर पाहू.

माहीम_कॉजवे

निर्णय योग्य वाटतो. डीपी-००८ईएक्स १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झवरच मुद्रण करतो हे ध्यानात ठेवा. थरांच्या गाण्याला ते पुरते, परंतु भजनाच्या ४८ किलोहर्ट्झच्या फाइली त्यात आणून वाजवण्याची अपेक्षा ठेवू नका. लॅपटॉपवर मुद्रण करताना अपडेट आणि वायफाय दोन्ही बंद करून बसा. घरच्या मुद्रणाला शेवटची लोकल गेल्यानंतर आणि पहिली सुटण्याआधीची वेळ सर्वांत शांत मिळते, असा माझा अनुभव आहे.

जुना_टेपवाला

एक विनंती आहे. प्रत्येक अभंगाआधी बुवांना ही चाल त्यांना कुणाकडून, कोणत्या गावी मिळाली हे दोन वाक्यांत बोलायला सांगा, आणि तेव्हा मुद्रण थांबवू नका. वहीत केलेली नोंद फाइलीपासून तुटते. माझ्याकडे १९८०च्या दशकातल्या ११ कॅसेटी आहेत, ज्यांवर कोण गात आहे हे आता मलाही आठवत नाही.

परळ_नाका

काका, काल रात्री बुवांना विचारले. त्यांनी लगेच सांगायला सुरुवात केली, आणि माझ्याकडे त्या वेळी मोबाइलखेरीज काही नव्हते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे एकूण ६४ चाली आहेत, त्यांपैकी १९ त्यांच्या चुलत्यांच्या. यंत्र शनिवारी घेतो आहे. एकादशीची वाट न पाहता रविवारी दुपारी पखवाजाशिवाय, फक्त गळा आणि पेटी घेऊन, पहिल्या दहा चाली सुरू करत आहोत.